चुली दोन, माठ एक

कारंजा लाडमधल्या त्या वाड्याचं मोजमाप घ्यायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा देवडीच्या बाहेरच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक दगडी पन्हळ दिसली. वीतभर पुढे आलेली, मधोमध पाण्याने झिजून गुळगुळीत झालेली. आतल्या बाजूला त्याच जागी एक कोनाडा होता आणि कोनाड्याच्या तळाशी भोक. मी नकाशावर ‘सांडपाण्याची मोरी’ असं लिहिलं आणि पुढच्या खणाकडे वळले.

संध्याकाळी घरातल्या सगळ्यात वयस्क बाई काठी टेकत ओसरीवर आल्या. त्यांना सगळेच माई म्हणतात. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, “इथं काय लिहिलं, पोरी?” मी सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते मोरी नोय. तिथून पानी देत. मजुराईले. आतून तांब्या वतायचा, बाहेर त्यानं ओंजय धरायची. भांड्याले भांडं लागू नये म्हनून केलं होतं.” आणि थोडं थांबून, “म्या बी वतलं हाय. सून होऊन आली तवा.”

मी लिहिलेले शब्द खोडले. त्या जागी काय लिहावं ते त्या दिवशी सुचलं नाही. नकाशावर ती जागा मी कोरी ठेवली.

ज्या कामासाठी मी तिथे गेले होते ते असं होतं. वाड्याचा तळमजला गावाला जेवणाची जागा म्हणून द्यायचा. बचत गटांच्या बायकांनी तिथे आपापल्या घरचा स्वयंपाक करायचा, शिकवायचा, विकायचा आणि ठरावीक दिवशी सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. कल्पना घरातल्या धाकट्या पिढीची होती. वाडा पाडून गाळे काढण्याचा प्रस्ताव समोर असताना त्यांनी हा मार्ग निवडला. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम मी अनेक वर्षं करत आले आहे. पण त्या कोनाड्यापाशी पहिल्यांदा लक्षात आलं की हे काम नुसत्या दुरुस्तीचं नाही. माणसं वेगवेगळी जेवावीत अशा बेताने बांधलेल्या घरात माणसांना एकत्र जेवू घालायचं होतं.

मी वाशिमची. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. सहा तालुक्यांचा, सोयाबीन-तुरीचा, पावसाकडे डोळे लावून बसणारा जिल्हा. पण श्रद्धास्थानं मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. वाशिमला बालाजी आणि पद्मतीर्थ, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, मंगरूळपीरला दर्गा, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची पोहरादेवी, गावोगावी बुद्धविहार. एकट्या कारंज्यात नृसिंह सरस्वतींचं गुरुमंदिर आहे आणि सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही जैन परंपरांची मंदिरंही आहेत. तिथल्या ग्रंथभांडारांत जपलेल्या अपभ्रंश पोथ्यांमुळे कारंज्याचं नाव अभ्यासकांना दूरवर माहीत आहे.

गावाला चार दिशांना चार वेशी: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. व्यापाराचं गाव असल्याशिवाय वेशीला दिल्लीसारखं दूरचं नाव पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस ‘शकुंतला’ने जाऊ लागला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी कारंज्यावरून धावायची. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तो कापूस मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला. आमचा वाडा त्याच कापसाच्या पैशावर उभा राहिलेला. त्याचे सागवानी खांब, कोरलेले हस्त आणि भिंतीतली बळदं पाहिली की त्या सुबत्तेचा अंदाज येतो. पन्हळ पाहिली की त्या सुबत्तेसाठी गाठी वाहणाऱ्याला तहान लागली तर काय व्हायचं, तेही कळतं.

या जिल्ह्यात लहानाची मोठी होताना मला एकमेकांचे सण माहीत होते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले तांडे पाहिले होते, उरुसाचा मलिदा खाल्ला होता, १४ एप्रिलची मिरवणूक पाहायला आईचा हात धरून उभी राहिले होते. पण एकमेकांची स्वयंपाकघरं आम्हाला माहीत नव्हती. शेजारच्या घरी सणाला काय शिजतं ते सांगता यायचं. रोज काय शिजतं, ते नाही.

दुरुस्तीला सुरुवात झाली. जोतं घडीव दगडाचं, वर पांढऱ्या मातीत बांधलेल्या विटा, मागच्या भागावर धाब्याचं छत. दोन खांब तळाशी उधईने पोखरलेले होते. कुजलेला भाग कापून तिथे दुसऱ्या पाडलेल्या घरातलं जुनं सागवान सांधलं. भिंतींना खरं दुखणं मात्र नव्या काळाने दिलेलं होतं. कधीतरी कुणीतरी ओल थांबावी म्हणून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि हवेला परत देते. सिमेंटने तिची ही वाट बंद केली. मग पाणी गिलाव्यामागून वर चढलं आणि सिमेंट संपतं तिथे विटा खाऊ लागलं. बोट लावलं की भुगा.

रिसोडकडचे एक वयस्क मिस्त्री मिळाले. त्यांच्या वडिलांनी चुन्याची कामं केलेली. त्यांनी खड्डा खणून चुना भिजत घातला, काही आठवडे हातही लावू दिला नाही. मग वाळू, बेलफळाचं पाणी आणि गूळ घालून मळायला घेतला. तरुण गवंड्यांना ते सांगायचे, “चुन्याले घाई चालत नाई. घाई केली त थो भिंतीवर राहातो, भिंतीचा होत नाई.” सिमेंट खरवडून काढायला आणि भिंती कोरड्या व्हायला एक अख्खा उन्हाळा गेला.

चूल कुठे ठेवायची हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. जुनं स्वयंपाकघर मागच्या अंगाला, अंधारं. तुळयांवर पिढ्यांची काजळी. छतातल्या सवण्यातून धूर जायचा तेवढाच. तिथे दहा माणसांचा स्वयंपाक होत होता. आम्हाला शंभर माणसांचा करायचा होता, गॅसच्या मोठ्या शेगड्यांवर, तेही सागवानाने भरलेल्या घरात. शिवाय धुता येतील अशा भिंती हव्यात, सांडपाण्याचा नीट निचरा हवा. हे सगळं जुन्या खोलीत करायचं तर ती खोली उरतच नाही.

म्हणून नवं स्वयंपाकघर परसात बांधलं. लोखंडी खांब, पत्र्याचं छप्पर, जुन्या भिंतीपासून हातभर अंतर. उद्या कुणाला नको वाटलं तर नटबोल्ट काढून ते उचलून नेता येईल आणि वाड्यावर एक ओरखडाही राहणार नाही. जुन्या वास्तूत भर घालताना मी हा नियम पाळते: आपलं काम परत काढून घेता आलं पाहिजे. जुन्या स्वयंपाकघरात जातं, पाटा-वरवंटा, मसाल्याची मडकी आली. काजळी आम्ही धुतली नाही.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगितली पाहिजे. पहिल्या पावसाळ्यात चौकात पाणी येऊ लागलं आणि पंगत भिजायची वेळ आली. मी चौकावर पारदर्शक पत्रे टाकून तो बंद केला. महिनाभरात भिंतींवर बुरशी धरली, खांब ओलसर लागू लागले, गरम अन्नाची वाफ आणि माणसांच्या ओल्या कपड्यांची दमट हवा आतच कोंडून राहिली. चौक ही पावसासाठी सोडलेली मोकळी जागा आहे, एवढंच मी पाहिलं होतं. चारी बाजूंच्या खोल्यांतली गरम हवा तिथून वर निघून जाते, म्हणून तर वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तो वाडा राहण्याजोगा होता. पत्रे काढले. मग चारी बाजू उघड्या ठेवून छतापासून हातभर उंचीवर एक छोटं छप्पर उभं केलं. थोडे तुषार आत येतात. बायका बसकर मागे ओढून घेतात.

पण या सगळ्याहून मोठी अडचण बांधकामाची नव्हतीच.

परसातलं स्वयंपाकघर अजून कागदावरच होतं तेव्हा, काय शिजवायचं ते ठरवायला एका दुपारी सगळ्या जणी चौकात बसल्या. प्रत्येकीने असा एक पदार्थ सांगायचा, ज्याच्याशिवाय तिला आपलं जेवण पुरं वाटणार नाही. एकीने रोडगे आणि वांग्याची भाजी सांगितली, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे. एकीने तुरीच्या सोल्यांची आमटी सांगितली. मंगरूळपीरहून आलेल्या खालांनी दालचा सांगितला. त्यांचा शब्द संपतो न संपतो तोच मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या बाईंनी सांगितलं, “सळोई.” आणि ती कशाची असते, कशी करतात, तेही सविस्तर सांगितलं. बकऱ्याचं रक्त आणि आतले अवयव म्हटल्यावर चौकात एकदम शांतता पसरली.

त्यानंतर एक बाई बोलल्या. त्या बौद्ध. म्हणाल्या, “माझ्या आजीनं काय खाल्लं आन् काहून खाल्लं, थे मले ठाऊक हाय. थे म्या इथं मांडायसाठी आणनार नाई. मी अंबाडीची भाजी आन् ज्वारीच्या कण्या करीन. काय आणाचं थे मी ठरवीन.” शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ मी वाचलेलं होतं. मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नाची ती नोंद वाचून, आपल्या खाद्यसंस्कृतीच्या पुस्तकांतून केवढं जेवण गाळलं गेलं आहे, हे समजलं होतं. त्या वाचनाच्या उत्साहात मीच त्यांना त्यांच्या आजीचे पदार्थ विचारले होते. त्यांच्या उत्तराने मला माझी जागा दाखवली. विविधता हवी म्हणून कुणाला त्याच्या दुःखाचं ताट मांडायला लावण्याचा हक्क कुणालाच नाही.

मालकांचं घर शाकाहारी, देवाधर्माचं. वाड्यात मांस शिजणार असेल तर जागा देता येणार नाही, असं घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. ज्या घरात ते जन्मले त्या घराबद्दल ते बोलत होते. तांड्यावरच्या बाईंचंही खरं होतं. निम्मं जेवण दाराबाहेर ठेवून आत या म्हणणं म्हणजे निम्म्यानेच आत या म्हणणं. दोन महिने काम थांबलं.

शेवटी मी परसातल्या स्वयंपाकघराचा नकाशा बदलला. एकाच छपराखाली मध्ये भिंत, दोन चुली, दोन ओटे, दोन ठिकाणची भांडी. रेघ मारताना हात जड झाला. पन्हळ ज्याने बसवली त्यानेही कुठल्या तरी कागदावर किंवा जमिनीवर अशीच रेघ मारली असेल, हा विचार डोक्यातून जाईना. नकाशा घेऊन मी तांड्यावर गेले आणि मनातलं सगळं त्या बाईंना सांगितलं.

त्यांनी नकाशा पाहिला. म्हणाल्या, “ताई, चुली दोन असू द्या. आमच्या घरी बी उपासाचं भांडं अलग राहाते. ज्यानं त्यानं काय खायाचं थे त्याचं त्यानं ठरवावं. पन प्याच्या पान्याचे माठ दोन ठेवसान त आमी याचो नाई.”

तिथे मला ती गोष्ट उलगडली, जी मी इतके दिवस शोधत होते. मी काय खाईन, काय खाणार नाही, ही माझ्या ताटाची गोष्ट आहे. माझ्या ताटाभोवती मी हवी तेवढी रेघ ओढावी. दुसऱ्याच्या हाताचं पाणी चालतं की नाही, तो कुठे बसतो, ही रेघ मात्र त्या माणसाभोवती ओढलेली असते. पहिल्या रेघेला घरात जागा देता येते. दुसरीला देता येत नाही. जुन्या वाड्यांनी या दोन्ही रेघा एकच मानल्या आणि दगडात बसवल्या. नकाशावर त्या वेगळ्या करणं, एवढंच माझं काम होतं.

आपल्याकडे ज्यांनी ही दुसरी रेघ पुसली, त्यांनी पाण्यापासून आणि पंगतीपासून सुरुवात केली, हे मग पुन्हा आठवत राहिलं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९०मध्ये, त्याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. एका पेल्यात केवढी ताकद असते ते यावरून समजतं. आणि आमच्या अगदी शेजारचे गाडगेबाबा. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. त्यांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. इकडे नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात कुणीही जावं, रांगेत जमिनीवर बसावं आणि जेवावं. आमच्या बायका तिथे मुद्दाम जाऊन आल्या. त्यांनी भांडी कशी घासतात, वाढपी रांगेत कसे फिरतात, हे पाहून घेतलं. आल्यावर एक जण म्हणाली, “तिथं कोनी कोनाले बसवत नाई. रांग जिथं संपली तिथं बसाचं.”

तोच नियम आम्ही घेतला. पहिल्या पंगतीला रोडगे, वांग्याची भाजी, सोल्यांची आमटी, अंबाडी आणि गुळाची लापशी होती. मांसाहारी जेवण परसातल्या दुसऱ्या चुलीवर, ठरल्या दिवशी, कडुनिंबाखालच्या पंगतीत. लोक आले. काही जण रांगेचा नियम ऐकून ओळखीच्यांची वाट पाहत उभे राहिले. एका गृहस्थांनी फक्त केळं घेतलं आणि ते निघून गेले. वाढायला उठल्यावर बायकांनी आपण होऊन एक गोष्ट केली. जिने जे शिजवलं ते तिने वाढलं नाही. अंबाडी खालांनी वाढली, आमटी तांड्यावरच्या बाईंनी. पंगतीत लोक आधी वाढणाऱ्या हाताकडे पाहतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

माई त्या दिवशी खुर्ची नाकारून पंगतीत जमिनीवर बसल्या. त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं ते मी लिहीत नाही. रांग जिथे संपली होती, तिथे जे आलं ते बसलं.

उरला प्रश्न पन्हळीचा. ओल आत येते म्हणून ती बुजवावी, असा एका अभियंत्याचा सल्ला होता. तिला नळ जोडून पाणपोई करावी, असं घरातल्या मुलांना वाटत होतं. मलाही क्षणभर ते आवडलं. माईंनी दोन्हीला नकार दिला. “बुजवली त म्या काय केलं थे कोनाले समजन? आन् तिथून पुन्हा पानी कायले देता? ज्याईले प्याचं त्याईनं आत यावं.” आम्ही आतल्या भोकाला चुन्याने सारवलेली दगडी गुडदी बसवली, बाहेरची पन्हळ होती तशी ठेवली. नकाशावर जी जागा मी कोरी सोडली होती, तिथे लिहिलं: ‘जात पाहून बाहेरच्या बाहेर पाणी देण्यासाठी केलेली पन्हळ. वापर बंद.’ तेच शब्द एका लहान फरशीवर कोरून पन्हळीखाली लावले आहेत.

वाशिम जिल्ह्यात आजही असे वाडे आहेत. रिसोडला, मंगरूळपीरला, कारंज्याच्या गल्ल्यांत. दरवर्षी काही पाडले जातात, काही हॉटेलं होतात. हॉटेल करायलाही हरकत नाही. पण ज्यांच्या हाती असा वाडा आहे त्यांना माझं सांगणं आहे: खांब आणि हस्त मोजण्याआधी घरातल्या वयस्क बाईजवळ बसा. चूल कुठे होती, पाणी कुठे भरायचे, ते कुणाला आत मिळायचं आणि कुणाला बाहेर, हे विचारा. ती सांगेल. तिच्याशिवाय हे सांगणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. मग नकाशा काढा.

आमच्या वाड्यात चौकाच्या डाव्या कोपऱ्यात, तिवईवर, पाण्याचा एक माठ आहे. वाड्यात पिण्याच्या पाण्याचा तेवढा एकच. सकाळी जी आधी येते, ती तो भरते.